मुलांना दाताच्या इंजेक्शनची भीती वाटते तेव्हा: पालकांसाठी पायरी-पायरीने

मुलाची दाढ किडली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "इंजेक्शन देऊन करावं लागेल," आणि ते ऐकताच मूल तुमच्या पाठीमागे लपलं. हा लेख अशा घरांसाठी आहे. आमच्या मुलाच्या दुधाच्या दाढांवर उपचार झाले तेव्हा माहिती तुकड्यातुकड्यांनी मिळत गेली: थोडी डॉक्टरांकडून, थोडी बाहेर बाकावर बसलेल्या इतर आईवडिलांकडून, थोडी नंतर वाचून. ती इथे क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. कोणतं औषध, किती आणि कोणता उपचार हे तुमचे डॉक्टरच ठरवतील.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. मुलाशी खोटं बोलायचं नाही. आम्ही पहिल्यांदा ज्या दवाखान्यात गेलो तिथे "फक्त बघतो हं" म्हणत सुई दिली गेली. त्यानंतर मुलगा घरी दात घासायलाही तोंड उघडेना. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरांनी काय होणार, कुठे टोचेल, किती वेळ टोचेल हे सगळं त्याला आधी सांगितलं, आणि त्याच मुलाने सुई घेतली. रडला, पण घेतली. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

सुई देताना नेमकं काय होतं

हे तुम्हाला ठाऊक असेल तरच तुम्ही मुलाला सांगू शकाल.

आधी हिरडी कापसाने कोरडी करून त्यावर बधिर करणारं जेल लावतात किंवा स्प्रे मारतात. जेलला बहुतेक वेळा फळाची चव असते. ते एक-दोन मिनिटं राहू द्यावं लागतं, तेव्हा कुठे वरचा पातळ थर बधिर होतो. मग सुई. तिच्यात बहुधा लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध असतं, सोबत थोडं ॲड्रेनॅलिन, म्हणजे औषध तिथेच जास्त वेळ टिकतं आणि रक्तही कमी येतं. वरच्या दाढेसाठी दाताजवळच्या हिरडीत देतात. खालच्या दाढेसाठी काही वेळा जबड्याच्या मागच्या बाजूला मज्जातंतूजवळ द्यावं लागतं, आणि मग अर्धा ओठ, अर्धी जीभ बधिर होते.

मुलांना त्रास देणाऱ्या गोष्टी यात चार आहेत. टोचणं ही त्यातली एक. दुसरी, औषध आत शिरताना येणारा ताण. औषध भराभर ढकललं तर टोचण्यापेक्षा हा ताणच जास्त दुखतो. म्हणून मिनिटाला साधारण एक मिली इतक्या सावकाश गतीने ते द्यावं असं सांगतात. तिसरी, थेंब जिभेवर पडला की लागणारी कडू चव. आणि चौथी, जी मोठ्यांच्या लक्षातच येत नाही: बधिरपणा. लहान मुलाला वाटतं आपला ओठ सुजला, मोठा झाला, किंवा गेलाच. सुई देऊन झाल्यावर मूल अचानक रडायला लागलं तर पुष्कळदा कारण हेच असतं. त्याला आधी सांगितलेलं असेल तर रडू टळतं.

१. सुई खरंच लागणार आहे का, ते विचारा

हा प्रश्न विचारायला बिचकू नका. चांगले डॉक्टर त्याचं नीट उत्तर देतात. दुधाच्या दाताची कीड वरवरची असेल तर सुईशिवाय बरंच काही करता येतं:

- अगदी सुरुवातीचे पांढरे डाग असतील तर फ्लोराइड वार्निश, म्हणजे दातावर लावायचा फ्लोराइडचा लेप.
- सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं द्रव. ते किडलेल्या भागावर नुसतं लावतात, कीड तिथेच थांबू शकते. मात्र तो भाग कायमचा काळा पडतो, हे आधीच कळलेलं बरं. समोरच्या दातांना काही पालकांना ते नको वाटतं. मागच्या दाढेला माझ्या मते काहीच हरकत नाही.
- हाताच्या बारीक अवजारांनी मऊ कीड खरवडून सिमेंट भरणं.
- हॉल पद्धत: कीड न कोरता, सुई न देता दाढेवर स्टीलची तयार कॅप बसवून कीड आत बंद करणं. काही दिवस चावताना दात उंच वाटतो, मग जुळतं.

दाढ रात्री ठणकत असेल, हिरडीवर पुळी आली असेल, गाल सुजला असेल तर हे मार्ग बहुतेक बंद होतात. तेव्हा दाताची नस साफ करणं किंवा दात काढणं, आणि दोन्हींना सुई.

इथे एक सापळा आहे. "दुधाचाच दात आहे, पडेलच" म्हणून थांबणं. पुढचे दुधाचे दात सहा-सातव्या वर्षी पडतात हे खरं; पण मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. पाच वर्षांच्या मुलाची दाढ किडली तर तिला आणखी पाच-सहा वर्षं काम करायचंय. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागे एक नवी दाढ येते. तिच्या जागी आधी कुठलाच दात पडलेला नसतो, म्हणून ती दुधाचीच समजली जाते. ती कायमची असते.

आणि थांबण्याचा सुईशी थेट संबंध आहे. जिथे पू आणि सूज असते तिथली जागा आम्लधर्मी होते, आणि अशा जागी बधिर करणारं औषध नीट चढत नाही. म्हणजे जितका उशीर, तितकं मूल सुई घेऊनही दुखणं सोसण्याची शक्यता जास्त. अशा वेळी डॉक्टर आधी सूज उतरवायला औषध देऊन किंवा पू काढून देऊन पुढची तारीख देतात तेव्हा "आजच करून टाका" असा आग्रह धरू नका.

२. डॉक्टर शोधा आणि फोनवरच प्रश्न विचारा

लहान मुलांच्या दातांसाठी वेगळे तज्ज्ञ असतात. पाटीवर बालदंतरोगतज्ज्ञ किंवा पेडोडॉन्टिस्ट असं लिहिलेलं असतं. बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीनंतर तीन वर्षांचं एमडीएस, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण, त्यांनी याच विषयात केलेलं असतं. तालुक्याच्या गावी ते नसतीलही. नेहमीचे दाताचे डॉक्टर मुलांशी प्रेमाने, सावकाश वागणारे असतील तर साध्या कामाला तेही उत्तम. पण मूल खूप घाबरत असेल, आधी वाईट अनुभव आला असेल, चारपेक्षा लहान असेल किंवा स्वमग्नतेसारखं काही असेल, तर जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंतचा प्रवास करावा असं मला मनापासून वाटतं.

खर्चाचा प्रश्न असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत, मुंबईतच महापालिकेच्या नायर दंत महाविद्यालयात आणि गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात मुलांचा स्वतंत्र विभाग आहे. पदव्युत्तर विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, रांग असते, पण मुलांना हाताळण्याचं शिक्षण तिथेच दिलं जातं. खासगी दंत महाविद्यालयांतही असा विभाग असतो. शाळा-अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं तेव्हा दातही बघायला सांगा. २०१३ पासून चाललेल्या या तपासणीत दातांचे आजार धरलेले आहेत.

फोनवर एवढं विचारा:

- सुईच्या आधी जेल लावून थांबता का?
- पहिल्या भेटीत फक्त ओळख आणि तपासणी ठेवता येईल का?
- आई किंवा बाबा खोलीत थांबू शकतात का?
- मूल रडलं, हललं तर तुम्ही काय करता?

शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावर मी तरी निर्णय घेते. "धरून करून टाकू, काही होत नाही" असं उत्तर आलं तर दुसरा दवाखाना बघा.

३. दिवस आणि वेळ ठरवताना

लहान मुलांसाठी सकाळची वेळ मागून घ्या. शाळा, ट्यूशन, सगळं संपवून संध्याकाळी सातला दमलेलं मूल खुर्चीत बसवलं तर ते रडणारच. सर्दी-ताप असेल तर तारीख पुढे ढकला.

लसीच्या आठवड्यात दाताचं काम ठेवू नका. पाच-सहा वर्षांच्या वयात मुलांना लसीचा डोस असतो, आणि दुधाच्या दाढाही नेमक्या याच वयात त्रास देतात. हातावरची सुई ताजी असताना तोंडातल्या सुईचं नाव काढणं अवघड जातं.

नुसती जागा बधिर करायची असेल तर उपाशी ठेवायची गरज नसते. उलट दीड-एक तास आधी मऊ वरणभात, इडली असं हलकं काहीतरी द्या. भुकेलं मूल लवकर रडतं, आणि नंतर काही तास त्याला नीट खाताही येणार नाही. (गुंगीचं औषध किंवा पूर्ण भूल द्यायची असेल तर नियम अगदी उलटा. तो खाली दहाव्या पायरीत आहे.)

४. घरातली बोलणी बदला

ही पायरी फुकट आहे आणि सगळ्यात अवघडही, कारण ती एकट्या मुलाची नाही, आख्ख्या घराची आहे.

"जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई देतील." आपल्याकडे किती घरांत हे वाक्य रोज बोललं जातं! ज्या मुलाने चार वर्षं सुई ही शिक्षा म्हणून ऐकली, त्याला पाचव्या वर्षी खुर्चीत बसवून "अरे, ही तर तुझ्या भल्यासाठी" म्हटलं तर ते का मानेल? आजपासून हे वाक्य बंद. आजी-आजोबांना, मावशीला, शेजारच्या काकूंना समजावून सांगा. रागवू नका, त्यांनीही ते प्रेमापोटीच वापरलेलं असतं.

मुलासमोर स्वतःच्या दातांच्या कहाण्याही नकोत. "मला तर अक्कलदाढ काढताना ब्रह्मांड आठवलं होतं" हे वाक्य मूल विसरत नाही.

काय सांगायचं नाही:

- "काही दुखणार नाही." दुखतं. थोडं दुखतं. पहिल्याच क्षणी तुम्ही खोटे ठरता, आणि मग पुढचं काहीच ते ऐकत नाही.
- "सुई नाहीच देणार, फक्त बघणार." याहून मोठं नुकसान दुसरं नाही.
- "मुलगा असून रडतोस?" किंवा "ती बघ, तुझ्यापेक्षा लहान आहे, ती रडली का?"
- "घाबरू नकोस." घाबरायचं काहीतरी आहे, एवढंच त्यातून मुलाला कळतं.

काय सांगायचं, ते वयावर आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला आदल्या संध्याकाळी किंवा त्याच सकाळी सांगा. आठवडाभर आधी सांगितलं तर आठवडाभर ते काळजी करत बसतं. सात-आठ वर्षांच्या मुलाला दोन-तीन दिवस आधी सांगा, त्याला प्रश्न विचारायला वेळ हवा असतो. शब्द साधे ठेवा. आम्ही साधारण असं सांगितलं होतं:

"तुझी दाढ दुखते ना, ती डॉक्टर नीट करणार आहेत. करताना दुखू नये म्हणून आधी ती बधिर करतील. पहिल्यांदा गोड जेल लावतील. मग थोडं टोचेल आणि दाबल्यासारखं वाटेल. आपण वीस आकडे मोजू, तेवढ्यात होईल. मग ओठ जाड-जाड वाटेल, पण तो तेवढाच असतो, आपण आरशात बघू. संध्याकाळपर्यंत परत पहिल्यासारखा."

मुलाने थेट विचारलं, "सुई देणार का?" तर "हो" म्हणा. मग लगेच पुढचं सांगा: किती वेळ, तुम्ही कुठे असाल, त्याने काय करायचं. "हो" म्हणून गप्प बसू नका. आणि तुम्हालाच माहीत नसेल तर "मला माहीत नाही, आपण डॉक्टरांना विचारू, आणि ते करायच्या आधी तुला सांगतील" हेही चांगलं उत्तर आहे. मात्र तसं डॉक्टरांशी आधी बोलून ठेवा.

"दाताला झोपवणार" असं पुष्कळ डॉक्टर म्हणतात. चालतं. फक्त मुलाला स्वतःला झोपवणार असं वाटत नाही ना, हे एकदा विचारून घ्या.

५. घरी तालीम

आईच्या मांडीवर डोकं, पाय लांब, छतावर नजर. दवाखान्याच्या खुर्चीत असंच आडवं व्हावं लागतं, आणि नुसतं आडवं होणंच काही मुलांना नको असतं. चमच्याने दात मोजा, वरचे दहा, खालचे दहा. दुधाचे एकूण वीस. मग भूमिका बदला, मूल डॉक्टर, तुम्ही पेशंट. मुलाला तुमचे दात मोजू द्या. बाहुलीचे मोजू द्या.

फुंकर शिकवा: नाकाने हळू श्वास आत, तोंडाने लांब फुंकर. साबणाच्या फुग्यांनी हे लहानांनाही जमतं.

हात वर करायची खूण ठरवा. डॉक्टर बहुधा उजवीकडे बसतात, म्हणून डावा हात. हात वर केला की डॉक्टर थांबतील. ही खूण डॉक्टरांना आधी सांगा आणि ते पाळणार असतील तरच मुलाला शिकवा. एक गोष्ट मुलाला नीट समजावा: हात वर करायचा, डॉक्टरांच्या हाताकडे न्यायचा नाही. घरी चार-पाच वेळा खेळून बघा, मधेच थांबा, मूल खूश होतं. आपण थांबवू शकतो हे कळलेलं मूल प्रत्यक्षात फार वेळा थांबवत नाही.

खरी सिरिंज खेळायला देऊ नका. सुई टोचण्याचे व्हिडिओ दाखवू नका.

६. बरोबर काय न्यायचं

- मुलाचं आजचं वजन लिहून. मुलांमध्ये लिग्नोकेनची कमाल मात्रा वजनावर ठरते; ती साधारणपणे किलोमागे ४.४ मिलिग्रॅम धरतात. २ टक्के औषधाच्या एका मिलीत २० मिलिग्रॅम असतं, म्हणजे १५ किलोच्या मुलाला जास्तीत जास्त ३.३ मिली. सगळ्या दाढा एकाच दिवसात करायला डॉक्टर नाही म्हणतात त्यामागे हेही एक कारण असतं.
- आधीचे एक्स-रे, केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या.
- दमा, फिट्स, हृदयाचा आजार, रक्त न थांबण्याचा त्रास, कुठल्याही औषधाची ॲलर्जी यातलं काही असेल तर तसा कागद आणि चालू औषधं. तोंडी सांगताना घाईत राहून जातं.
- सरकारी रुग्णालयात जात असाल तर मुलाचं आणि तुमचं आधार कार्ड, रेशन कार्ड, झेरॉक्ससह.
- मुलाची आवडती गोष्ट: बाहुली, छोटी गाडी, पांघरुणाचा तुकडा. हातात धरता येईल अशी.
- एका कानात घालायचा इअरफोन, मुलाने स्वतः निवडलेलं गाणं किंवा गोष्ट. दुसरा कान डॉक्टरांसाठी मोकळा.
- एक जादा शर्ट, पाणी, रुमाल.

जायच्या आधी लवंगेचं तेल किंवा वेदनाशामक गोळी हिरडीवर दाबून ठेवू नका, हिरडी भाजते. बधिर करणारं जेल मेडिकलमधून आणून घरी लावू नका. त्यातलं बेन्झोकेन दोन वर्षांखालच्या मुलांना धोकादायक ठरू शकतं. दुखत असेल तर कोणतं औषध, किती, हे डॉक्टरांना फोनवर विचारा. ॲस्पिरिन मुलांना देऊच नका.

७. खुर्चीवर

एकच मोठं माणूस आत. जो घरात सगळ्यात शांत असतो तो. आई असेल, बाबा असतील, काका असेल. सुई बघून तुम्हालाच घेरी येत असेल तर दुसऱ्याला पाठवा, त्यात कमीपणा नाही. तुमचा श्वास, तुमच्या हाताची पकड, सगळं मुलाला कळत असतं.

आत गेल्यावर बोलायचं काम डॉक्टरांचं. ही गोष्ट पालकांना सगळ्यात जड जाते. डॉक्टर "तोंड उघड" म्हणतात, आई म्हणते "उघड बाळा, उघड ना", बाबा दारातून म्हणतात "ऐक जरा". तीन आवाजांत मूल कुणाचंच ऐकत नाही. तुम्ही पायाशी किंवा डाव्या बाजूला बसा, हात धरा, गप्प राहा. सांगितलं तर मोजा.

बालदंततज्ज्ञांची एक जुनी पद्धत आहे, १९५९ सालापासून शिकवली जाते: आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. आरसा बोटाला लावून दाखवतात, हवेचा फवारा तळहातावर सोडतात, थुंकी ओढणारी नळी हातावर फिरवतात. याला पाच-दहा मिनिटं जातात. बाहेर रांग असली तरी घाई करू नका, डॉक्टरांनाही घाई करायला लावू नका.

सुई मात्र बहुतेक डॉक्टर डोळ्यांसमोर नाचवत नाहीत, मुलाच्या नजरेखालून आणतात. काही पालकांना ही फसवणूक वाटते. मला वाटत नाही. "आता टोचेल" हे सांगितलेलं असलं की पुरे. सुईकडे टक लावून बघायलाच हवं असं नाही. सात-आठ वर्षांचं एखादं मूल म्हणतं, मला बघायचंय. त्याला बघू द्यावं.

त्या अर्ध्या-एक मिनिटात काय करायचं? मेंदूला दुसरं काम द्यायचं. डॉक्टर गाल किंवा ओठ हलवत राहतात, त्यामुळे टोचणं कमी जाणवतं. तुम्ही मुलाला पायाचा अंगठा हलवायला सांगा: आधी डावा, मग उजवा, मग दोन्ही. किंवा एक पाय इंचभर वर धरायला. किंवा वीसपासून उलटे आकडे मनात. आमच्याकडे अंगठ्याने काम केलं. तुमच्याकडे दुसरं काही करेल.

विचारता येण्यासारख्या आणखी काही गोष्टी: सुई बारीक आहे का (३० गेजची सुई २७ गेजपेक्षा बारीक असते, आकडा वाढला की जाडी कमी), औषध फ्रीजमधून लगेच काढलेलं तर नाही ना, आणि आज एकाच बाजूचं काम करता येईल का. काही दवाखान्यांत औषध ठराविक सावकाश गतीने सोडणारं यंत्र असतं. असेल तर छान, नसेल तर सावकाश हात पुरतो.

औषध चढायला काही मिनिटं लागतात. या वेळात आरसा द्या. "बघ, ओठ तेवढाच आहे." काम सुरू झाल्यावर मूल "दुखतंय" म्हणालं तर त्यावर विश्वास ठेवा आणि डॉक्टरांना थांबायला सांगा. दाबल्यासारखं वाटणं वेगळं, दुखणं वेगळं. डॉक्टर तपासून बघतील, लागलं तर आणखी थोडं औषध देतील.

८. मूल रडलं तर

रडू द्या. रडणं म्हणजे अपयश नाही. तोंड उघडं ठेवून रडणाऱ्या मुलाचं काम नीट होऊ शकतं, आणि डॉक्टरांना त्याची सवय असते.

हात-पाय झाडायला लागलं, मान फिरवायला लागलं तर मात्र थांबायला हवं, कारण सुई तोंडात असताना ते धोक्याचं आहे. तीन वर्षांखालच्या मुलाला डॉक्टर आणि पालक गुडघ्याला गुडघा लावून बसतात आणि मधे मुलाला आडवं घेतात. तेवढं धरणं ठीक. पण चार जणांनी हातपाय आवळून धरायचं असेल तर ते तुम्हाला विचारून, तुमची लेखी संमती घेऊनच व्हायला हवं. जीवावरची किंवा पसरणाऱ्या संसर्गाची वेळ नसेल तर तुम्ही नाही म्हणू शकता. "आज तात्पुरतं औषध भरून बंद करता येईल का, पुढच्या आठवड्यात परत येतो," असं विचारा. पुष्कळदा करता येतं.

थांबून घरी जाताना मुलाला ओरडू नका. "एवढ्या लांब आलो, पैसे फुकट गेले" हे त्याच्यासमोर नको. जेवढं झालं तेवढं नाव घेऊन सांगा: तू खुर्चीत बसलास, एक्स-रे काढू दिलास.

९. पुढचे तीन-चार तास

सुई झाली, दाढ झाली, सगळे सुटलो म्हणून निर्धास्त होतात, आणि नेमकं इथेच मूल बधिर ओठ चावून ठेवतं. त्याला दुखत नाही, मजा वाटते, म्हणून चघळत राहतं. ओठाचा बधिरपणा दाताच्या बधिरपणापेक्षा बराच जास्त टिकतो, तीन ते पाच तासही.

- बधिरपणा जाईपर्यंत चावून खायचं काही नको, गरम तर मुळीच नको. गार दूध, ताक, पातळ पेज चालेल. दात काढला असेल तर स्ट्रॉ नको, चूळ नको, थुंकणं नको. कापूस डॉक्टर सांगतील तेवढा वेळ दाबून.
- लगेच झोपवू नका. झोपेत ओठ चावला जातो.
- परत शाळेत सोडत असाल तर बाईंना सांगा. पाळणाघरातही.
- दर थोड्या वेळाने ओठाला बोट लावून विचारा, इकडे आणि तिकडे सारखंच लागतंय का?

तरीही चावलाच, तर दुसऱ्या दिवशी ओठ सुजतो आणि त्यावर पांढरा-पिवळट थर दिसतो. पू झाला म्हणून लोक घाबरतात. तो बहुतेक वेळा बऱ्या होणाऱ्या जखमेचा थर असतो. तो ओढून काढू नका. गार शेक द्या, व्हॅसलिन लावा, डॉक्टरांना फोटो पाठवा. आठवडा-दोन आठवड्यांत भरून येतं.

त्याच संध्याकाळी एक छोटं काम करा. मुलासमोर आजीला किंवा मामाला फोन लावा आणि काय झालं ते त्यालाच सांगू द्या. कुठे अडखळलं तर तुम्ही भर घाला, खरं तेच: "टोचलं तेव्हा तू अंगठा हलवत राहिलास, नाही का?" मुलाला तो दिवस असाच आठवणीत राहिला तर पुढची खेप सोपी जाते. नुसतं "शूर आहे माझं बाळ" यापेक्षा त्याने नेमकं काय केलं हे सांगितलेलं जास्त उपयोगी पडतं.

बक्षीस छोटं ठेवा: स्टिकर, रंगपेटी, आवडत्या बागेत फेरी. आधीच "सायकल घेऊन देईन" म्हटलं तर मुलाला वाटतं, काहीतरी फारच भयंकर असणार.

१०. एवढं करूनही जमत नसेल तर

काही मुलांना यातलं काहीच पुरत नाही. यात तुमची किंवा मुलाची चूक नाही. मग पुढचे दोन मार्ग.

लाफिंग गॅस: नाकावर मऊ मास्क लावून नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन देतात. मूल जागं असतं, बोलतं, ऐकतं, पण सैलावतं. सुई त्यानंतरही द्यावी लागते, फक्त तिची धास्ती कमी होते. काम झाल्यावर काही मिनिटं निव्वळ ऑक्सिजन देतात आणि परिणाम लवकर उतरतो. नाक चोंदलेलं असेल तर उपयोग नाही, आणि मास्क लावूच न देणाऱ्या मुलालाही नाही.

पूर्ण भूल: खूप दात किडलेले, मूल फारच लहान, किंवा विशेष गरजा असलेलं. हे रुग्णालयात, भूलतज्ज्ञांच्या उपस्थितीतच व्हायला हवं. साध्या क्लिनिकमध्ये "थोडी गुंगी देतो" असं कोणी म्हणालं तर भूलतज्ज्ञ कोण, नाडी आणि ऑक्सिजन मोजायचं यंत्र आहे का, ते विचारा. उपाशी ठेवण्याचे नियम भूलतज्ज्ञ देतात. सर्वसाधारणपणे जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. "रडत होतं म्हणून दोन बिस्किटं दिली" असं झालं असेल तर ते लपवू नका, लगेच सांगा. पोटातलं अन्न भुलेत श्वासनळीत जाऊ शकतं. काम पुढे ढकललं जाईल, तेवढं सोसा.

११. पुढची भेट

शक्य असेल तर पुढची भेट सुई नसलेली ठेवा: नुसती तपासणी किंवा फ्लोराइड. खुर्ची म्हटली की दर वेळी टोचणं, असं मुलाच्या मनात बसत नाही. केसपेपरवर डॉक्टरांना लिहून ठेवायला सांगा की या मुलाला काय चाललं: जेल जास्त वेळ, डावा हात, उलटे आकडे, जे असेल ते. दंत महाविद्यालयात पुढच्या वेळी दुसरे विद्यार्थी असतील, तेव्हा ही नोंद फार कामाला येते. आणि धाकटं भावंड असेल तर त्याला पहिला दात आल्यावर, पहिल्या वाढदिवसाच्या आसपासच दाखवून आणा, काही दुखत नसतानाच.

ताप आला, सूज डोळ्यापर्यंत चढली किंवा हनुवटीखाली उतरली, मुलाला गिळता येईना किंवा श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला, तर भेटीची वाट बघू नका. त्याच वेळी मोठ्या रुग्णालयात जा, रात्र असली तरी.